मुठीएवढ्या टॉर्चमधले दहा वॉट

बऱ्या बांधणीचा खिशात मावणारा टॉर्च उघडायला अवजार लागत नाही. डोकं हातानं पिळलं की सुटतं. आतून आटे पाडलेली पितळी वाटी निघते, वाटीवर नाण्याएवढी धातूची चकती असते आणि चकतीच्या मधोमध पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे एलईडी. तो काढून त्याच्या जागी जास्त ताकदीचा बसवायचा, की झाला टॉर्च दुप्पट-तिप्पट प्रखर, असं पाहणाऱ्याला वाटतं. सामानही फार लागत नाही. सोल्डरिंग आयर्न, चिमटा, साधा मल्टिमीटर आणि चकतीसकट काही शे रुपयांत मिळणारा नवा एलईडी पुरतो.

अडचण एवढीच की उजेड किती पडणार, हे तो ठिपका एकटा ठरवत नाही. मागचा सेल, मधलं सर्किट, चकतीखालचा धातू, समोरचा परावर्तक या सगळ्यांचा त्यात हात असतो. आणि यांतल्या कुणीही आडमुठेपणा केला नाही, तरी शेवटी टॉर्च धरणाऱ्याचा तळहात करतो. या प्रकरणात प्रत्यक्ष उदाहरण म्हणून कॉन्व्हॉय या चिनी कंपनीचा ‘एस-२ प्लस’ घेऊ. साधारण २४ मिलिमीटर जाडीची आणि ११८ मिलिमीटर लांबीची ही ॲल्युमिनियमची नळी आहे, आत एक १८६५० जातीचा लिथियम-आयन सेल. जगभरच्या हौशी लोकांचा हा लाडका टॉर्च. कारण त्यात चिकटवलेलं जवळपास काहीच नाही. एकेक भाग सुटा होतो आणि प्रत्येकाला बाजारात पर्याय आहे.

आधी थोडा मागचा हिशोब. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी केला. पांढऱ्याला मात्र निळ्या एलईडीसाठी थांबावं लागलं. जपानच्या निचिया कंपनीनं १९९६ मध्ये निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा प्रकाश बाजारात आणला. एलईडीवर दिसणारा पिवळा ठिपका म्हणजे हाच लेप. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण टॉर्चवाल्यांच्या दृष्टीनं खरी उलथापालथ नंतरच्या काही वर्षांत झाली. त्याआधी श्युअरफायरचा ‘सिक्स-पी’ हा अमेरिकी पोलिसांत लोकप्रिय झालेला टॉर्च दोन लिथियम सेलांवर ६५ ल्युमेन द्यायचा आणि तासाभरात सेल संपवायचा. तेव्हा तेवढा उजेड झगझगीत मानला जाई. २००६ मध्ये क्री कंपनीच्या ‘एक्सआर-ई’नं ०.३५ अँपिअरवर ८० ल्युमेन दिले, म्हणजे साधारण एका वॉटमध्ये. २०१० मध्ये त्याच कंपनीचा ‘एक्सएम-एल’ आला. ३ अँपिअर द्या, १० वॉट द्या, १००० ल्युमेन घ्या. मुठीएवढ्या टॉर्चमध्ये दहा वॉट शिरले ते तेव्हा.

आणि इथून गोष्ट उजेडाची कमी आणि उष्णतेची जास्त होते.

जुना तारेचा बल्ब ऊर्जेची नासाडी भरपूर करायचा. नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णतेत जायची. पण तिचा मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपानं उजेडाच्या सोबतीनं काचेतून पुढे निघून जाई. शिवाय तार तापणं हेच तर बल्बचं काम. एलईडीचं उलटं आहे. दिलेल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, उजेड होऊन पुढे जातो. बाकीची सगळी उष्णता मागच्या बाजूनं चकतीत उतरते. झोतासमोर हात धरला तर गरम विशेष लागत नाही, म्हणून लोक एलईडीला ‘थंड’ म्हणतात. पण उष्णता गेलेली नसते, ती पाठीमागे अडकलेली असते. आणि ही पाठ तापली की एलईडीचा उजेड घटतो, रंग सरकतो, आयुष्य कमी होतं. एक्सएम-एल जातीच्या चिपला आतलं तापमान १५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नसतं. ती मरणाची सीमा. सुखाची त्याच्या बरीच अलीकडे असते.

आता आपल्या टॉर्चचा जमाखर्च मांडू. २.८ अँपिअर प्रवाह, एलईडीवर सुमारे ३.३ व्होल्ट, म्हणजे नऊ-सव्वानऊ वॉट. त्यांतले अंदाजे सहा वॉट उष्णतेचे. प्रवाहावर लगाम ठेवणारं सर्किट साध्या जातीचं असेल, तर सेलचे उरलेले व्होल्ट तेही जाळतं. सेल ४ व्होल्टवर असताना ०.७ व्होल्ट गुणिले २.८ अँपिअर, म्हणजे आणखी दोन वॉट. एकूण आठ. टॉर्चचं ॲल्युमिनियम ८० ग्रॅम धरलं, तर त्याला एका अंशानं तापवायला सुमारे ७२ ज्यूल लागतात. सेलचे चाळीसेक ज्यूल मिळवा. आठ वॉट म्हणजे सेकंदाला आठ ज्यूल. गणित सरळ आहे: मिनिटाला चार-साडेचार अंश. तीस अंशांच्या रात्री सुरू केलेला टॉर्च पाच मिनिटांच्या आतच पन्नाशीला टेकतो. पन्नास अंशांचं ॲल्युमिनियम फार वेळ मुठीत धरवत नाही. याच नळीत ५ अँपिअर ओढणारा एलईडी बसवला, तर तीन मिनिटांत तीच गत.

बाहेर किती उष्णता पडते? या नळीचा सगळा पृष्ठभाग जेमतेम ९० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत, भोवतालापेक्षा पंचवीस अंशांनी गरम असलेला एवढा पृष्ठभाग जेमतेम सव्वादोन वॉट सोडतो. काळा ॲनोडाइझ्ड थर असल्यामुळे प्रारणानंही थोडी मदत होते. चकचकीत पॉलिश केलेल्या धातूला तेवढंही जमत नाही. वारा असेल तर जास्त. हातात धरला तर आणखी जास्त, कारण तळव्यातून वाहणारं रक्त उष्णता उचलून नेतं. काही हौशी लोक याला थट्टेनं नव्हे, तर गंभीरपणे ‘कूलिंग’ म्हणतात. सगळं धरून तीन वॉट उष्णता, म्हणजे चार-साडेचार वॉट वीज, म्हणजे चारशे-पाचशे ल्युमेन. या आकाराचा टॉर्च तासभर सलग देऊ शकेल असा उजेड एवढाच. एलईडी कोणताही बसवा, हा आकडा फारसा हलत नाही. चांगल्या कार्यक्षमतेचा एलईडी तो थोडा वर नेईल, बस्स.

मग खोक्यांवर २००० ल्युमेन छापलेलं असतं ते खोटं का? सगळंच खोटं नसतं. टॉर्चसाठी २००९ मध्ये अमेरिकेत ‘एफएल-१’ नावाचं प्रमाण ठरलं. त्यात ल्युमेन मोजायचे ते टॉर्च सुरू केल्यापासून तीस सेकंद ते दोन मिनिटं या काळात. आणि ‘चालण्याचा वेळ’ मोजायचा तो उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे पहिली दोन मिनिटं २००० ल्युमेन आणि मग गुपचूप ५०० वर उतरून दोन तास, असा टॉर्च प्रामाणिकपणे दोन्ही आकडे छापू शकतो. प्रमाण वाईट नाही, ते वाचायचं कसं हे खोक्यावर लिहिलेलं नसतं इतकंच. जे हे प्रमाणच मानत नाहीत त्यांचे ‘९०००० ल्युमेन’ मात्र करमणुकीसाठी.

म्हणून एलईडी बदलायचा ठरवला की एलईडी निवडण्याआधी उष्णतेची वाट तपासायची. चिपपासून तिच्या तळापर्यंतचा अडथळा कारखान्यात ठरलेला असतो. एक्सएम-एलसाठी तो वॉटमागे अडीच अंश, म्हणजे आपल्या नऊ वॉटना वीस-बावीस अंश. त्याखालची चकती आपल्या हातात आहे. स्वस्त चकती ॲल्युमिनियमची असते, आणि तांब्याचा पातळ थर व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये वीजरोधक लेप असतो. तो वीज अडवतो आणि उष्णताही. चांगली चकती तांब्याची असते, आणि एलईडीच्या मधल्या पट्टीखाली हा लेप मुळात दिलेलाच नसतो. पट्टी थेट तांब्यावर टेकते. ही मधली पट्टी विजेच्या दोन्ही टोकांपासून वेगळी ठेवलेली असते म्हणून हे शक्य होतं. तीन अँपिअरच्या पुढे जायचं असेल, तर तांब्याच्या चकतीला पर्याय नाही असं माझं मत आहे. नवा एलईडी घेण्याऐवजी जुनाच तांब्यावर बसवून पाहिला, तर कित्येकदा तेवढ्यानंही फरक दिसतो.

चकतीखाली थर्मल पेस्ट लावतात. ती धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक आहे. दोन पृष्ठभागांमधल्या हवेपेक्षा बरी, एवढीच तिची लायकी. तेव्हा थर जितका पातळ तितका चांगला. श्रीखंडासारखी थापायची नाही. मग येते पितळी वाटी. ती चकतीखाली भरीव आहे की पोकळ, तिचे आटे टॉर्चच्या अंगाशी घट्ट बसतात की नाही, हे पाहायचं.

इथे आपल्याकडच्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या, डोकं पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करणाऱ्या टॉर्चबद्दल सांगायला हवं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आठवडी बाजारापर्यंत तो कुठेही मिळतो, आणि ‘यात मोठा एलईडी टाकू’ हा मोहही त्यालाच बघून होतो. त्याची वाटी बहुधा पोकळ असते. सरकतं डोकं रबरी कड्यावर फिरतं, त्यामुळे धातूला धातू धड टेकत नाही. आत रिमोटचे तीन सेल मावणारा प्लॅस्टिकचा पिंजरा असेल, तर तो तीन अँपिअर द्यायच्या आतच दम टाकतो. असा टॉर्च आहे तसा वापरावा. त्याच्यावर केलेला खर्च वसूल होत नाही.

आता मधल्या सर्किटाकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे. एलईडी व्होल्टवर चालवता येत नाही. त्याला मोजून प्रवाह द्यावा लागतो. एका मर्यादेपुढे व्होल्ट जरासे चढले तरी प्रवाह उसळतो. एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्ट कमी होतात, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. एस-२ प्लसमध्ये १७ मिलिमीटरची गोल पाटी असते. तिच्या एका जुन्या, साध्या आवृत्तीवर ‘एएमसी ७१३५’ नावाच्या चिमुकल्या चिपा रांगेनं बसवलेल्या असतात. प्रत्येक चिप ०.३५ अँपिअर सोडते, त्याहून जास्त नाही. आठ चिपा म्हणजे २.८ अँपिअर. जास्त हवं तर आणखी चिपा वर चढवून सोल्डर करायच्या, कमी हवं तर काढायच्या. इतकं प्रांजळ सर्किट क्वचितच पाहायला मिळतं.

यावरून एक गोष्ट उघड होते. नुसता ‘मोठा’ एलईडी बसवून, ड्रायव्हर तोच ठेवला, तर प्रवाहही तोच राहणार. उजेड वाढेल तो फक्त नव्या चिपची कार्यक्षमता जितकी जास्त तितकाच. आणि काही मोठे एलईडी, उदाहरणार्थ क्रीचा ‘एक्सएचपी-५०’, आत जोडणी कशी केली आहे त्यानुसार सहा किंवा बारा व्होल्ट मागतात. एका लिथियम सेलच्या साध्या ड्रायव्हरवर तो पेटणारच नाही. व्होल्ट चढवणारा बूस्ट ड्रायव्हर लागेल. दुकानातून आणलेला नवाकोरा एलईडी ‘डेड’ निघाला म्हणून परत केले जाणारे काही नग या कारणानंच परत येत असणार, अशी मला दाट शंका आहे.

सेलबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब; शेवटचं शून्य गोल नळीचं. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि तीनच्या खाली फार उतरू द्यायचा नाही. या आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबतात. ९८०० छापलेला सेल दिसला, तर तो हातातही घेऊ नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलना स्वतःचं संरक्षक सर्किट नसतं, आणि किती वापरलेत ते कळत नाही. शॉर्ट झालेला लिथियम सेल बंद ॲल्युमिनियमच्या नळीत असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सेलच्या टोकावर सोल्डरिंग कधीही करायचं नाही. शेपटीची स्प्रिंग मात्र सुधारण्यासारखी असते. पातळ पोलादी स्प्रिंगचा रोध ०.०५ ओहम असेल, तर ५ अँपिअरला पाव व्होल्ट तिथेच जातो. स्प्रिंगच्या दोन टोकांमध्ये लवचिक तांब्याची तार सोल्डर केली की ती गळती थांबते.

मोठ्या एलईडीनं टॉर्च ‘लांब मारतो’, हा सर्वांत चिवट गैरसमज. झोताच्या मध्यभागाची तीव्रता दोनच गोष्टींवर ठरते: एलईडीच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मिलिमीटर किती तेजस्वी आहे, आणि परावर्तकाचं तोंड किती मोठं आहे. एक्सआर-ईची चिप एक चौरस मिलिमीटरची होती, एक्सएम-एलची चार. दोन्हींचं तेज दर मिलिमीटरला सारखं ठेवलं, तर चौपट ल्युमेन मिळूनही मध्यभाग तितकाच प्रखर राहतो, फक्त जास्त पसरतो. एफएल-१ प्रमाणात झोताची लांबी मोजतात ती ०.२५ लक्स उजेड पडेल त्या अंतरापर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. १०००० कॅन्डेला तीव्रतेचा झोत २०० मीटर जातो. ४०० मीटर हवे असतील तर ४०००० कॅन्डेला लागतात, दुप्पट नव्हे, चौपट. म्हणून दूरवर मारायचं असेल तर लोक उलट लहान एलईडी घेतात. ओस्रामच्या एक चौरस मिलिमीटरच्या चपट्या चिपा ल्युमेनमध्ये मार खातात, पण झोतात चारपट मोठ्या चिपेला मागे टाकतात. रात्रपाळीची वीज आली म्हणून बांधावरून पंपाकडे जाणाऱ्या माणसाला पावलापुढचे वीस मीटर रुंद दिसायला हवेत; त्याला पसरट झोत बरा. किल्ल्यावरून समोरच्या डोंगरधारेवरची वाट शोधणाऱ्याला दुसरा.

रंगाचंही तसंच. त्याच चिपचा निळसर पांढरा प्रकार ल्युमेन जास्त देतो, म्हणून खोक्यावर तोच शोभतो. ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, रंग नीट दाखवणारा प्रकार काही ल्युमेन गमावतो. कोकणात जांभ्याच्या कातळावर, त्याच मातकट रंगाचं फुरसं अंगाची वळकटी करून बसलेलं असतं. ते कातळापासून वेगळं दिसायला जास्त ल्युमेनपेक्षा खरे रंग उपयोगी पडतात. मला विचाराल तर मी दरवेळी गमावलेले ल्युमेन पत्करेन.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. जुन्या चकतीच्या तारा सुट्या करायच्या, लाल आणि काळी कुठे होती ते आधी टिपून ठेवायचं. एलईडी चकतीवर आधीच बसवून मिळतो तो घ्यावा. सुटा घेतलात तर चकतीवर सोल्डर पेस्टचा पातळ थर द्यायचा, एलईडी वर ठेवायचा आणि चकती हॉट प्लेटवर ठेवायची. ६३-३७ प्रमाणाचं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. ते वितळताना पृष्ठताण एलईडीला आपणहून जागेवर खेचून घेतो. चिमट्यानं कडेला हलकेच टोचलं की तो डुलून परत मध्ये येतो. तसं झालं की लगेच उचलायचं. वरच्या सिलिकॉनच्या घुमटाला बोट लावायचं नाही. तारांचे टाके बुटके ठेवायचे, कारण परावर्तकाचा तळ धातूचा असतो आणि उंच टाका त्याला टेकला की शॉर्ट. मध्ये प्लॅस्टिकचं सेंटरिंग कडं असतं. ते नव्या एलईडीच्या मापाचं हवं. एलईडी जराही वर-खाली वा बाजूला राहिला, तर भिंतीवर झोताच्या मध्यभागी काळं भोक दिसतं किंवा झोत एका अंगाला कलतो. बंद करण्याआधी मल्टिमीटरनं एलईडीचं प्रत्येक टोक आणि परावर्तक यांच्यामध्ये संपर्क नाही ना, ते तपासायचं. मगच सेल.

पहिल्यांदा लावताना शेपूट काढून सेलचं मागचं टोक आणि नळीची कड यांच्यामध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून प्रवाह मोजावा. मापकाच्या तारांचाही रोध असल्यामुळे आकडा थोडा कमीच दिसेल. मग शेपूट परत लावून टॉर्च पाच मिनिटं पेटवून ठेवायचा. डोकं आणि शेपूट दोन्हीकडे हात लावून बघायचा. अंग हळूहळू सगळीकडे तापत असेल तर वाट मोकळी आहे. अंग थंड आणि उजेड मात्र उतरत चाललेला, हे वाईट लक्षण. उष्णता चकतीपाशीच अडली आहे.

आणि वाट मोकळी असूनही टॉर्च धरवत नसेल, तर ड्रायव्हरवरच्या आठांतल्या चार चिपा काढून टाकाव्यात. २.८ अँपिअरचे १.४ होतील. उजेड निम्मा होत नाही, कारण कमी प्रवाहावर एलईडी जास्त कार्यक्षम असतो. साधारण साठ टक्के उरतो. उष्णता मात्र निम्म्याहूनही कमी होते. आणि डोळ्याला काय वाटतं? उजेड ‘दुप्पट’ भासायला तो प्रत्यक्षात चौपट ते आठपट व्हावा लागतो, असं मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांच्या नियमावरून निघतं. तेव्हा शंभराचे साठ झालेले, दोन टॉर्च शेजारी शेजारी धरल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. सेल मात्र एक तासाऐवजी दोन तास चालतो.